मिसळीवर एक्स्ट्रा रस्सा

पुण्यात काय बघायचं ते मला विचारू नका यार. पोरगी तिथे कॉलेजला. भेटायला गेलो तर म्हणाली, "बाबा, माझं लेक्चर आहे. तोवर शनिवारवाडा बघा, मिसळ खा."

वाडा एकट्यानेच बघितला. मिसळ खाताना उल्हासनगरच्या सवयीने वेटरला म्हटलं, "भाई, एक्स्ट्रा रस्सा देना."

"काका, मराठी येत नाही का?"

आजूबाजूचे हसले, मीही हसलो. पोरगी आल्यावर तिलाही रंगवून सांगितलं. ती हसली नाही.

"माझ्या बोलण्याला वर्गात असंच हसतात. मी आता बोलतच नाही."

माझी सटकली. मुद्दाम मोठ्याने ओरडलो, "भाई, और एक मिसळ लाना!"

तिने इकडेतिकडे बघितलं. म्हणाली, "बाबा, हळू."