गव्हाणीचा वेग

(इस्लामपूरजवळच्या एका साखर कारखान्याचे मोटरघर, १९७५. परवाच्या अपघातापासून गाळप बंद; आज पुन्हा सुरू व्हायचे आहे.)

भाऊसो : म्हणजे मोटर चुकली नाही. चौकशीत एवढंच सांगा प्रोफेसर, आणि सुखानं सांगलीला जा. गव्हाणीवरचा गडी गुंडा, त्याची बेपर्वाई, विषय संपला.

जिनपाल : मोटर चुकली नाही, भाऊसो. मी तिला जे शिकवलं तेच तिनं केलं. गुंडा मेला तो तिच्या अचूकपणामुळे. हे वाक्य पूर्ण लिहून घेणार असाल तर सांगतो.

भाऊसो : कॉलेजातलं बोलणं कॉलेजात. मी इथला चीफ इंजिनिअर म्हणून विचारतो, बिघाड होता का?

जिनपाल : नव्हता. जुनी मोटर गव्हाणीत, म्हणजे ऊस मिलकडे नेणाऱ्या त्या सरकत्या पट्ट्यावर, उसाचा ढीग आला की कण्हायची, मंदावायची. त्या आवाजावर गडी वर चढायचे आणि अडकलेल्या मोळ्या आकडीनं सोडवायचे. ही इथली वहिवाट. माझं नियंत्रण ढीग येण्याआधीच वेग उतरवतं. मग ढिगामागची पोकळी हेरून, ढीग पुरता सरायच्या आत, वेग चढवतं. गड्याला आवाज सांगतो ‘चढ’, आणि मोटरीचं पुढचं आधीच ठरलेलं असतं. हे त्यांना समजावून सांगा, असं मी दिवाळीतच बजावलं होतं.

भाऊसो : सांगितलं असतं तर चढलं कोण असतं? अन् गाळप वाढलं म्हणून सत्कार झाला, तेव्हा शाल घेताना नाही बोललात ते.

जिनपाल : नाही बोललो. चौकशीला ती शाल पांघरूनच येईन.

सयाजी : येऊ का, साहेब?

भाऊसो : ये रं, सयाजी. प्रोफेसर, हा गुंडाचा धाकटा भाऊ. कारखान्यानं माणुसकी दाखवली. भावाच्या जागेवर यालाच घेतला, आजपासून.

जिनपाल : कोणत्या जागेवर?

सयाजी : गव्हाणीवर, मास्तर. दादा हुता तितंच. वैनी म्हणली, जागा घरातनं जाया नको.

जिनपाल : सयाजीराव, नीट ऐका. मोटर मंदावली म्हणून चढायचं नाही. मंदावते तेव्हाच ती उसळी घ्यायच्या बेतात असते.

सयाजी : मग कवा चढायचं?

जिनपाल : बंद असताना. पूर्ण बंद.

भाऊसो : वा! मोळी अडकली की मिल बंद! बाहेर गाड्यांची रांग ओढ्यापर्यंत गेलीय, ऊस वाळतोय. चेअरमनना जबाब काय तुम्ही देणार?

जिनपाल : मग माझं यंत्र बंद. ही तार काढली. आता जुन्या हातचाकावर चालवा.

भाऊसो : काढा की. तुम्ही वाटेतल्या आष्ट्याला पोचायच्या आत जोडून होईल. जोडणारा तुमचाच विद्यार्थी. पहिल्या वर्गात पास झालेला.

जिनपाल : होय. मीच शिकवलंय त्याला. लवकर जोडेल.

सयाजी : मास्तर, एक इचारू? दादा पिऊन चढला हुता, असं गेटावर बोलत्यात.

जिनपाल : खोटं आहे. तो शुद्धीत होता. मोटरीचा आवाज त्याला सगळ्यांत चांगला कळायचा.

सयाजी : व्हय. त्यानंच शिकिवला मला.

जिनपाल : भाऊसो, याला निदान आजचा दिवस खाली ठेवा.

भाऊसो : आज ठेवीन. उद्या कुणाला चढवू? नाव सांगा, त्याला लावतो.

सयाजी : तुमचं चालू द्या, साहेब. मी वर जातो. बैलं कालधरनं उभी हायेत.