लाल शाईचा शेरा

आदरणीय अध्यक्ष महोदया, प्राचार्य महाशय, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, कार्यालयातली मंडळी आणि लवकर सटकता यावं म्हणून दाराजवळ बसलेले माझे विद्यार्थी मित्रहो,

आज या निरोप समारंभात माझ्याबद्दल इतकं चांगलं बोललं गेलं की मी दोनदा मागे वळून पाहिलं, दुसरंच कुणी बसलंय का म्हणून. मुलं मला पाठीमागे 'काटकसर' म्हणतात, हे मला ठाऊक आहे. त्यातला शेवटचा 'सर' आदराचा आहे, असं मी मानून चालतो.

अध्यक्षांनी माझ्या बचतवही स्पर्धेचा गौरव केला. बावीस वर्षं मी प्रत्येक वर्गाला तेच सांगत आलो. खर्च मांडा, गरज आणि हौस वेगळी करा, दर शनिवारी वही दाखवा. शंभर-सव्वाशे वह्या यायच्या हो! पान उलटायचं, बेरीज बघायची आणि लाल शाईने लिहायचं, 'छान. अजून वाव आहे.' सगळ्यांना तेच. मास्तर मंडळींनो, खरं सांगा, प्रत्येक वही कोण वाचतं? असो.

सहा वर्षांपूर्वी पहिलं बक्षीस वसतिगृहातल्या एका मुलीला मिळालं. वडील शिवणकाम करायचे, पाठीवर दोन भावंडं. शेवटच्या वर्षाची फी तिची तिलाच जमवायची होती. याच व्यासपीठावर मी तिची वही उंच धरून म्हणालो, "शिका जरा हिच्याकडून!" टाळ्यांचा कडकडाट झाला. ती फार वाळली होती, ते मला दिसलं. म्हटलं, परीक्षेची दगदग असेल.

पुढच्या वर्षी ती आलीच नाही. बक्षिसाची वही माझ्या कपाटात होती. तेव्हा ती मी पहिल्यांदा ओळीने वाचली. आपल्या मेसचा नियम तुम्हाला माहीत आहे. आदल्या दिवशी खाडा सांगितला की त्या जेवणाचे पैसे बिलातून वजा होतात. पहिल्या आठवड्यात दोन रात्री खाडा. खाली माझा शेरा, अजून वाव आहे. महिन्याभरात रोज रात्री खाडा. शेरा तोच. मग सकाळचा नाश्ताही गेला. त्या पानावर तर, काय सांगू तुम्हाला, मी 'छान'खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

एवढं करून तिने फी पुरती जमवली. आणि त्याच वर्षी आपण फी दीडपट केली. त्या ठरावावर माझीही सही आहे.

मी तिला शोधत गेलो. एका कापडाच्या दुकानात ती घड्या घालत होती. मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. मी म्हटलं, "परत ये, काहीतरी मार्ग काढू."

"आता धाकट्याची फी भरतेय, सर. जमवलेलं त्यातच गेलं." मग म्हणाली, "एक विचारू? तुम्ही माझी वही वाचायचात ना? मी दुसऱ्या कुणालाच काही बोलले नव्हते. वाटायचं, सरांना सगळं दिसतंय, तरी वाव आहे म्हणतात, म्हणजे आपल्याला झेपेल."

मी म्हणालो, "वाचायचो तर!"

ते खोटं होतं. आणि खरं असतं तर त्याहून वाईट ठरलं असतं, हे मला दुकानाचा जिना उतरताना कळलं. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

ही स्पर्धा बंद करा, एवढंच मी आज सांगणार होतो. पण आत्ताच कळलं की स्पर्धेला माझं नाव दिलंय आणि फिरता चषक कोरूनही आलाय. फीसुद्धा पुन्हा वाढणार आहे. तेव्हा माझ्या सांगण्याने काही थांबेल, असं मला वाटत नाही.

आपण सगळे वेळात वेळ काढून आलात, माझं कौतुक केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. समारंभाला न शोभणारं काही बोलून गेलो असेन, तर मोठ्या मनाने सोडून द्या. त्या मुलीची माफी मागायला गेल्या महिन्यात मी पुन्हा त्या दुकानात गेलो होतो. ती आता तिथे नसते. कुठे असते, ते कुणालाच सांगता आलं नाही.

नमस्कार.