इनासदादाच्या जीपचा आशीर्वाद

आमच्या इनासदादाने जुन्या जीपचं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं, तेही घरच्या वाडीत, केळींच्या सावलीला. आई रोज म्हणायची, “हे कधी सुरू व्हायचं नाही.”

सुरू झालं. दादाने लगेच आशीर्वादासाठी फादरना बोलावलं, शेजारीही जमले.

फादर पुस्तक उघडून म्हणाले, “जरा बंद कर, प्रार्थना ऐकू येऊ दे.”

दादाने चावी फिरवली, काढली, खिशात टाकली. इंजिन धडधडतंच आहे! डिझेल बंद करायला वेगळी वायर ओढावी लागते, ती लावायचीच राहिलेली.

फादर ओरडून म्हणाले, “इनास, गाडी चालू राहावी म्हणून मी प्रार्थना करतो. आता काय मागू?”

आईने डोक्यावर पदर घेतला, हात जोडले. “बंद होऊ दे म्हणा, फादर.”