लाल टाक्याचं ब्लँकेट

सांगतो, पण आमच्या क्लबात बोलू नका. कारखान्याच्या कर्मचारी क्लबाने सातपुड्यात वाटायला कपडे, ब्लँकेटं गोळा केली. सेक्रेटरी सुभाषभाऊ. त्यांच्यावर माझा काडीचा भरवसा नव्हता. म्हणून नव्या ब्लँकेटच्या कोपऱ्यात मी लाल दोऱ्याचा टाका मारला आणि बायकोला सांगितलं, क्लबाचा माणूस आला की हे दे.

वाटपाचा फोटो नोटीस बोर्डावर लागला. मी रोज बारकाईने बघायचो. माझं ब्लँकेट त्यात कुठेच नव्हतं. महिन्याने भाऊंच्या घरी गेलो, तर ब्लँकेट त्यांच्या खाटेवर. कोपरा उलटला, लाल टाका.

"भाऊ, हाई ब्लँकेट कथाईन उनं?"

"तुन्हाच घरनं शे ना. मन्हा पोरना लगीनमा वहिनीनी आहेर दिन्हं."

तडक घरी येऊन बायकोला विचारलं, "मंग क्लबले काय दिन्हं?"

"तुम्हना लगीनना कोट. पेटीमा पडेल व्हता."

दुसऱ्या दिवशी पुन्हा बोर्डासमोर उभा राहिलो. महिनाभर मी ज्या फोटोत ब्लँकेट शोधत होतो, त्यात मधोमध एक म्हातारा माझाच कोट घालून माझ्याकडे बघत होता.