खिडकीच्या फटीतला बोंबील

विजया : मी म्हणते, ऱ्हाऊ दे ती फट. घराला जरा श्वास नको?

धर्माजी : श्वास कसला, दोन बोटं जाताहेत आत! नवीन खिडकी बसवली आणि चौकटीच्या चारी बाजूंनी मोकळं. त्या रूपेशने माप घेतलं की स्वप्न बघितलं, त्यालाच ठाऊक. वर त्यात पेपर कोंबून गेला.

ललित : काका, पेपर चालणार नाही. सोसायटीच्या सभेत मंजूर झालंय. फट योग्य त्या पदार्थाने बंद करायची. काकूंच्या सुक्या बोंबलाचा वास थेट आमच्या हॉलमध्ये येतो.

विजया : लाकडाची जुनी खिडकी होती, तवा येत नव्हता?

ललित : येत होता. तेव्हा मी सेक्रेटरी नव्हतो.

धर्माजी : पदार्थ मी सांगतो. भुसा. माझी सगळी नोकरी बर्फाच्या कारखान्यात गेली. लादी भुशात घातली की बोईसरहून निघून जव्हारला पोचली, तरी तेवढीच.

विजया : माझे बोंबील काय जव्हारला निघालेत? आणि पावसात तो भुसा भिजला की भिंतीला अळंबी येतील.

धर्माजी : येऊ देत. अळंबीला सोसायटीची हरकत नाय.

ललित : भुसा नको, सिमेंटही नको. उन्हात फ्रेम हलली की सिमेंटला तडा जातो. फोम घ्या. डब्यातून फटीत मारायचा, आत गेला की फुगतो आणि कोपरान्‌कोपरा भरतो.

धर्माजी : विचारून आलो मी स्टेशनजवळच्या दुकानात. तो म्हणाला, 'अंकल, साधा वाला मत लो, इतना फूलता है कि फ्रेम ही टेढ़ा हो जाता है.' मंग काच सरकवायची कशी, पहारीनं?

ललित : म्हणून कमी फुगणारा घ्यायचा. वरून सिलिकॉनची एक रेघ. पाणी आत येणार नाही, वास बाहेर जाणार नाही.

विजया : मंग जाईल कुठं?

ललित : तो तुमच्या घराचा अंतर्गत प्रश्न आहे.

विजया : आणि तुमच्या कंपनीचा वास येतो संध्याकाळचा, डोळ्यातनं पाणी काढणारा, तो कुणाचा प्रश्न?

ललित : काकू, मी कंपनीत प्रदूषण-नियंत्रण खात्यातच आहे म्हणून सांगतो, त्याला वास म्हणत नाहीत. उत्सर्जन म्हणतात. त्याला मर्यादा ठरवून दिलेली असते आणि ते मर्यादेत असतं.

धर्माजी : आणि बोंबलाला?

ललित : बोंबलाला कुणी मर्यादा ठरवून दिलेली नाही. त्यामुळे तो थोडा आला तरी जास्तच.

विजया : बरं, एवढं सगळं भरूनही गेला बाहेर, तर?

ललित : तर ठरावाप्रमाणे सुकी मासळी घरात भाजणं, तळणं, शिजवणं कायमचं बंद. आपण रीतसर चाचणी घेऊ. रविवारी संध्याकाळी तुम्ही आत बोंबील भाजायचे. मी बाहेर उभा राहून हुंगणार.

विजया : ऐकलंत? तारापूरवरनं बहीण दर वर्षी पिशवी भरून पाठवते, तिला आता काय सांगू? दुधी पाठव म्हणून? भरा तो फोम! नखाएवढी जागा सोडू नका.

धर्माजी : आत्ताच तर श्वास पायजे होता घराला.

विजया : घर बघून घेईल त्याचं.

(रविवारी संध्याकाळी. फोम भरून झाला आहे, तव्यावर बोंबील आहेत. दारावर थापा पडू लागतात. बाहेर ललित, त्याची बायको कीर्ती आणि त्यांची छोटी मुलगी.)

ललित : काका, उघडा! लवकर उघडा! ये कीर्ती, छोटीला आत घे. लावा, दार लावा!

धर्माजी : झाली चाचणी?

ललित : पाणी... आधी पाणी द्या.

विजया : ये गं कीर्ती. डोळे चोळू नको, बाई, नळाखाली धर. पोरीचे पण धू. काय झालं हो?

ललित : बाहेर वास सुटलाय.

विजया : बोंबलाचा?

ललित : नाही. आमचा. म्हणजे, कंपनीचा.

धर्माजी : त्याला वास म्हणत नाय ना?

ललित : आज म्हणा.

विजया : मर्यादेत असंल.

ललित : काकू, आमच्या घरात उभं राहवत नाही! खिडक्यांच्या फटींतून नुसता आत शिरतोय.

धर्माजी : तुमच्याकडं पण रूपेशच होता?

ललित : सगळ्या बिल्डिंगला तोच होता. फोम फक्त तुमच्याकडे.

धर्माजी : तुमी का नाय भरला?

ललित : आमच्याकडून बाहेर जाण्यासारखं काही नव्हतं ना.

धर्माजी : बरं, दाराखाली मी ओला टॉवेल लावलाय, आता निवांत बसा. आणि सांगा, आमी पास का नापास? बाहेर बोंबील आला?

ललित : बाहेर बोंबलाला वावच नव्हता.

धर्माजी : म्हंजे नाय आला.

ललित : आला नाही, असं नमूद करतो.

विजया : पण आत बघा, कसा कोंडलाय. अजून अर्धे भाजायचे हायेत, धूर होईल. तुमाला नाय सोसायचा. खिडकी सरकवू जराशी?

ललित : नको, नको! खिडकी नको!

विजया : मंग असं करा, माझं भाजून होईस्तवर तुमी तुमच्या घरी जाऊन बसा.

ललित : कीर्ती, छोटीला मांडीवर घे... भाजा, काकू. सावकाश भाजा.