कललेली डोलकाठी

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं. आजोबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दुसऱ्याची तारीख घ्यायची होती.

"दुसरा डोळा राहू दे. घरी जाऊ या."

"अहो, पहिला किती छान झालाय!"

"म्हणूनच म्हणतो. पट्टी निघाल्यावर आधी जाऊन मी बनवलेलं जहाज बघितलं. जुन्या शिडाच्या जहाजाची हुबेहूब प्रतिकृती म्हणून मिरवत होतो. मधली डोलकाठी चक्क कललीय! दोरांच्या गाठी तर बुटाच्या नाडीसारख्या."

"हो. मला पहिल्यापासून दिसत होतं."

"आणि बोलली नाहीस?"

"रिटायर झाल्यावर दिवसदिवस भिंतीकडे बघत बसायचात. जहाज हातात घेतलंत, तेव्हा कुठे जेवायला हाका मारायची वेळ आली माझ्यावर. मी कशाला मोडता घालू?"

"आपले व्याही जन्मभर बोटीवर होते. त्यांना कळलं असणार."

"कळलं ना. मला हळूच म्हणाले, वारा फार जोराचा दिसतोय."

आजोबांना हसू आवरेना. डोळ्याला हात लावायचा नाही, म्हणून आजींनीच त्यांचा गाल पुसला.

"सगळ्या गाठी सोडवाव्या लागतील गं."

"सोडवा."

"डोलकाठी काढायची तर निम्मं जहाज उचकटावं लागेल. वर्ष जाईल."

"जाऊ दे की. आपल्याला कुठे गाडी गाठायचीय?"

तेवढ्यात नर्स आली. "काय ठरलं, आजोबा? करायचा ना दुसरा डोळा?"

"करायचा. पण जरा लवकरची तारीख बघा, घरी काम खोळंबलंय."