कानातले बोळे

अगं, आमच्या रॉक बँडच्या पहिल्या शोला बाबा आले, ते कानात कापसाचे बोळे घालूनच! वर पहिल्या रांगेत बसले. मी गिटार वाजवतेय आणि समोर दिसतायत फक्त ते पांढरे बोळे. असला राग आला ना!

शेवटचं गाणं मी लिहिलेलं, आडनाव विचारून घर नाकारणाऱ्या मालकांवर. ते सुरू झालं आणि बाबांनी बोळे काढून खिशात टाकले.

नंतर स्वारगेटला चहा पिताना मी विचारलं, "बाबा, आवाज फार झाला का?"

ते म्हणाले, "तू लहान असताना एका मालकाने आपलं आडनाव ऐकून घर नाकारलं. मी हळूच 'बरं' म्हणून निघून आलो. तुला काय हळू बोलायला गिटार घेऊन दिलीय?"